मागच्या खोलीतला लसूण

आमच्या घरात लसूण येत नाही. माझ्या पणजोबांनी राजस्थानातून येऊन तळोद्यात धान्याचं दुकान टाकलं, तेव्हापासून कधी आलेला नाही. कांदा नाही, बटाटा नाही, जमिनीखाली वाढणारं काहीच नाही. त्यामुळे पाच वर्षांपूर्वीच्या थंडीत एका सकाळी मागच्या अंगणात लसणाचा वास आला, तेव्हा मला आधी वाटलं की तो माझ्याच अंगाला येतोय.

मी तेव्हा बारावीत होते. नाशिकच्या एका इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात राहायचे आणि नाताळच्या सुट्टीत घरी आले होते. वसतिगृहात आम्हा जैन मुलींचं जेवणाचं टेबल वेगळं होतं. पण रविवारी बाहेर पडलं की मी मैत्रिणींबरोबर गार्लिक ब्रेड खायचे. घरी यायच्या चार दिवस आधी ते बंद करायचे, दोनदा दात घासायचे, तरी धाकधूक असायची. त्या सकाळी मी जिन्यातच थांबले, ओंजळीत श्वास सोडला आणि हुंगून पाहिला. माझ्या तोंडाला टूथपेस्टचा वास होता. अंगणात मात्र लसूण होता.

खरं तर तो लसूणही नव्हता. लसूण कसा लागतो ते मला माहीत होतं. ह्या वासाच्या मागे आणखी काहीतरी होतं, केळी पिकवायच्या वखारीतून जाताना नाकात जातं तसं, धातूसारखं. पण हे मी कुणाला सांगणार? “तुला खऱ्या लसणाचा वास कसा ठाऊक?” असं बडी मम्मीने विचारलं असतं. मी गप्प बसले. गप्प बसणं मला लहानपणापासून जमतं.

बडी मम्मी म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको. काका गेले, माझी आई त्याच्याही आधी गेली, आणि घरात आम्ही तिघं उरलो: पप्पा, बडी मम्मी आणि सुट्टीपुरती मी. पुढे दुकान, वर आम्ही, मागे फरशीचं अंगण, अंगणापलीकडे गोदाम. गोदामाच्या तीन बाजूंना दुसऱ्यांच्या भिंती असल्याने त्याला खिडकी नाही. आजोबांनी त्याचाच एक कोपरा भिंत घालून वेगळा काढला आणि कामावरच्या माणसांना राहायला दिला. तीच मागची खोली. तिला अंगणात उघडणारं एक दार. आणि मधल्या भिंतीत, जमिनीपासून वीतभर उंचीवर, गोदामाला हवा मिळावी म्हणून सोडलेली सहा विटांची जाळी. खोलीत निजलं की जाळी बरोबर उशाशी येते.

दिवाळीनंतर डोंगरातल्या मोलगीकडून एखादं जोडपं यायचं आणि होळीला परत जायचं. नवरा पोती उचलायचा, बायको धान्य पाखडायची, निवडायची. अट एकच असायची: अंगणात कांदा-लसूण शिजवायचा नाही, मांस-मच्छी आणायची नाही. तेही ती अट पाळायचे.

त्या वर्षी आलेल्या बाईचं बाळ तीन महिन्यांचं होतं. ती अंगणात हरभरा निवडत बसायची आणि पायाच्या अंगठ्याला दोरी बांधून झोळी हलवायची. मी वरच्या खिडकीतून बघायचे. ती कधी वर बघायची. आम्ही दोघी हसायचो नाही, पण नजरही काढायचो नाही. तिचं नाव मी विचारलं नाही.

वास आला त्या दिवशी बाळ खूप रडलं. दुसऱ्या दिवशी ओकलं. डॉक्टरांनी विचारलं, घरात धूर असतो का? चूल खोलीतच होती, ती हो म्हणाली. रात्री गारवा असतो का? हो म्हणाली. छातीत कफ आहे, असं म्हणून त्यांनी औषध दिलं. त्यांनी विचारलेलं सगळं खरं होतं आणि तिने दिलेली उत्तरंही खरी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी बाळाचं रडणं थांबलं. अंगणात इतकं शांत झालं की झोळीच्या दोरीचा कडीवर घासण्याचा आवाज मला वर ऐकू येत होता. ती अजून पायाने झोळी हलवत होती.

ते जीपने डोंगरात परत गेले. दोन-चार दिवसांत वासही गेला. बडी मम्मीने खोली धुवून घेतली, दारात उभी राहून नवकार म्हटला आणि मला म्हणाली, “बेटा, ही खोली चांगली नाही. तू इकडे येत जाऊ नकोस.”

त्याच सुट्टीत मी गच्चीवरच्या भंगारातून अ‍ॅल्युमिनियमची एक बाटली उचलली. लांब मानेची, चकचकीत, सुंदर. आत काही नव्हतं. मी ती साबणाने धुतली आणि पेन्सिली, ब्रश ठेवायला टेबलावर घेतली. तिच्यावर कवटीचं चित्र आणि बारीक इंग्रजी मजकूर होता. मैत्रिणींना ते भारी वाटेल असं मला वाटलं.

चार वर्षं ती बाटली माझ्या टेबलावर होती.

*

पदवी झाली आणि मी घरी परतले. पुढे काय करायचं ते ठरत नव्हतं. मी दिवसभर वर टेबलाशी बसायचे आणि खाली बघायचे. मधली वर्षं खोली रिकामीच होती; त्या वर्षी तिथे आलेली बाई आधीच्या बाईची मावसबहीण निघाली. तिला खोलीबद्दल माहीत होतं. आल्या दिवशीच तिने चौकटीला काळ्या दोऱ्यात बिब्बा आणि कोळसा बांधला. नवरा ऊसतोडीला गेलेला, त्यामुळे सोबत फक्त चार वर्षांची मुलगी होती, कानात लाल मणी, पायात कधी काही नाही. बाई अहिराणीत बोलायची, पण मोडकं. घरात त्यांची पावरी बोली. मुलीला फक्त पावरी यायची.

बिब्बा बघून बडी मम्मी म्हणाली, “हाई काय बांधं वं?”

“खोलीना करता, माय.”

“खोलीले काय व्हयनं?”

बाईने दोऱ्याची गाठ आवळली. बडी मम्मी घरात निघून गेली. दोघींनाही ठाऊक होतं.

पौषात थंडी वाढली. एका सोमवारी पप्पांनी गोदामाला कुलूप लावलं, दाराच्या फटींना कागद चिकटवले. दरवर्षी असं चार-पाच दिवस असायचं. धान्य बसू द्यायचं असतं, एवढंच घरात सांगितलं जायचं. पप्पा हे काम नेहमी बडी मम्मी जैन स्थानकात प्रवचनाला गेल्यावर करायचे, आणि अष्टमी-चतुर्दशीला कधीच करायचे नाहीत. हे मला दिसत होतं. मला बरंच काही दिसतं.

मंगळवारी सकाळी अंगणात लसूण आला.

ह्या वेळी मला माझ्या तोंडाची शंका आली नाही. मी खिडकीत उभी राहिले आणि माझ्या हातावर काटा आला, कारण वास तोच होता, मागचं ते धातूसारखं काहीतरीसुद्धा. जणू चार वर्षं तो खोलीतच कुठेतरी बसून होता आणि आता उठला होता. खाली बाई दाराशी मुलीचे केस विंचरत होती. मुलगी काहीतरी सांगत होती, पुन्हा पुन्हा, गाल फुगवून.

बडी मम्मी तुळशीला पाणी घालायला आली आणि थांबली. पदर नाकाला लावला.

“लसूण खादा का वं तू?”

“नही माय. मन्ही पोरनी आन. मन्हा घरमा लसूण नही शे.”

“मंग हाऊ वास कथाइन ई ऱ्हायना?”

बाईने मुलीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, “पोर सांगस, भीत फुकी ऱ्हायनी. रातभर तिन्हा तोंडवर फुकस.”

“भितले काय तोंड शे का, लसूण खावाले?” बडी मम्मी म्हणाली. तिचं बोलणं तिखट असलं तरी ती दुष्ट नव्हती. मुलीला रोज सकाळी दूध तीच द्यायची. “मी आज उपासले शे. दार लाई ले. तुन्हा वास तुन्हा घरमाच ऱ्हाऊ दे.”

बाईने दार लावलं. थोड्या वेळाने मी पाहिलं, दाराखालच्या फटीत आतून गोणपाट कोंबलं जात होतं. एक बोट दिसलं, गोणपाट आत ढकलणारं. ते लहान होतं. मुलगी आईला मदत करत होती.

मी खिडकीतून बाजूला झाले. गाल फुगवून फुंकणारा तो चेहरा डोळ्यांपुढून जाईना. मी पुस्तक उघडलं, मिटलं. मग मोबाइल घेतला, आणि काय शोधावं ते कळेना म्हणून नुसतं लिहिलं: घरात लसूण नाही, लसणाचा वास. इंग्रजीत लिहिलं, कारण मला विचारायला तीच भाषा सोपी जाते. पहिल्या काही उत्तरांत गॅसच्या शेगडीबद्दल होतं. त्यानंतर एका ठिकाणी धान्यात ठेवायच्या गोळ्यांचं नाव आलं. ते नाव मी कुठेतरी वाचलं होतं. कुठे, ते आठवायला मला मान वर करावी लागली, एवढंच. ते नाव माझ्यासमोर होतं, ब्रशांच्या खाली.

बाटलीची कवटीची बाजू माझ्याकडे होती. मी ती फिरवली. भिंतीकडे असलेली बाजू चार वर्षांत मी एकदाही वाचली नव्हती. हवा लागली की गोळ्यांतून विषारी वायू सुटतो. त्याला लसणासारखा किंवा कार्बाइडसारखा वास येतो. माणसं किंवा जनावरं राहतात अशा जागेत, किंवा तिला लागून असलेल्या जागेत, वापरू नये. प्रशिक्षित माणसाखेरीज कोणी वापरू नये. त्याखाली तेच हिंदीत होतं. बाटलीबरोबर घडीचा कागद येतो आणि त्यात मराठीही असतं, हे मला नंतर कळलं. पप्पांच्या गल्ल्यामागे असे सहा कागद सापडले, सहाही घडी न मोडलेले. पप्पांना मराठी वाचता येत होतं. आजोबा करत होते म्हणून ते करत होते, आणि आजोबांनी कागद वाचला नव्हता.

इथे आमच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचे तास मी काय करत होते ते समजणार नाही. आम्ही जीव मारत नाही. स्वयंपाकघरातल्या गव्हात सोंडा निघाला तर बडी मम्मी तो बोटाने अलगद उचलते, वाटीत चार दाण्यांसकट घेते आणि गच्चीत सावलीच्या जागी ठेवून येते. दाणे अशासाठी, की तो उपाशी मरू नये. अशा घरात शेकडो पोती धान्य वर्षभर कसं टिकतं, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. बडी मम्मीनेही नाही. पप्पा गोळ्या ठेवतात हे मी बोलले असते तर तिला कळलं असतं की तिच्या ताटातली प्रत्येक पोळी कशातून येते. आणि पप्पांना कळलं असतं की तिला कळलं. मी हे सगळं बाटली हातात धरून विचारात घेत होते. खाली दार बंद होतं.

बारा वाजता बाई बाहेर आली, भिंतीला धरून. फरशीवर ओकली, पाणी टाकून धुतलं आणि परत आत गेली. मी जिन्यापर्यंत गेले. तिथून परत आले. पप्पा बाजार समितीत, आडतीवर गेले होते. फोन केला तर लोकांमध्ये असतील, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मला फोनवर बोलायला नेहमीच भीती वाटते. तीन वाजता दार किलकिलं झालं आणि मुलगी उंबऱ्यावर बसलेली दिसली. तोंड उघडं, हात मांडीवर, तळवे वर. तिने माझ्याकडे पाहिलं. चार वर्षांपूर्वी तिची मावशी बघायची तशीच, न हसता. पण हिच्या नजरेत मी दिसत नव्हते. मी हात हलवला तरी तिची पापणी हलली नाही. मग आतून कुणीतरी तिला ओढून घेतलं आणि दार पुन्हा बंद झालं.

बडी मम्मीचा उपास होता, पण पप्पा आणि मी नेहमीप्रमाणे सूर्यास्ताआधी जेवणार होतो. साडेपाचला पप्पा आले, हात धुऊन पाटावर बसले. बडी मम्मीने वाढलं. मी समोर बसले. घास उचलला आणि खाली ठेवला.

बडी मम्मी म्हणाली, “ती पोरगी पण आजारी आहे. मी दूध द्यायला गेले तर उठेना. मी सांगते, त्या खोलीत काहीतरी आहे. मागचं लेकरू तिथंच गेलं. उद्या त्यांना जायला सांगा.”

उद्या, ती म्हणाली. हा शब्द मला नीट ऐकू आला.

“पप्पा,” मी म्हणाले. माझा आवाज इतका बारीक निघाला की त्यांना वाटलं मी मीठ मागतेय. त्यांनी मिठाची वाटी पुढे केली. “पप्पा, गोदामात गोळ्या ठेवल्यात का?”

“कसल्या गोळ्या?” बडी मम्मी म्हणाली.

पप्पांनी तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही नाही. ताटाकडे बघत ते म्हणाले, “जाळीला मी पोतं लावलं होतं. दरवर्षी लावतो.”

म्हणजे त्यांना जाळी आठवत होती. हे वाक्य मी अजून विसरू शकत नाही. ते खोटं बोलत नव्हते. पोतं खरंच लावलं होतं. नंतर मी ते पाहिलं, दोन खिळ्यांना अडकवलेलं, विरळ विणीचं, ज्यातून पलीकडचा उजेड दिसत होता.

मी खाली धावले. आयुष्यात मी क्वचितच धावले आहे. दार ढकललं तर गोणपाटामुळे अडकलं. खांद्याने जोर लावला. आत अंधार होता, चूल विझलेली, आणि वास इतका दाट की जिभेवर आला. बाई भिंतीला टेकून बसली होती, शुद्धीत, पण डोकं हातांत धरून. मुलगी जाळीपाशी निजलेली. जाळीसमोर तिने आपली फाटकी चादर उभी लावली होती, दोन खडे ठेवून. फुंकणाऱ्याला अडवायला. वाऱ्याने हलावी तशी ती चादर अगदी हळू आत-बाहेर होत होती. कदाचित मी दार उघडल्यामुळे असेल.

मुलीला मी उचललं. ती फार हलकी होती. अंगणात आणल्यावर तिने एकदा खोल श्वास घेतला आणि मग बराच वेळ घेतला नाही. मग पुन्हा घेतला.

*

डॉक्टर तेच होते. ह्या वेळी त्यांनी धुराबद्दल विचारायच्या आत मी बाटली त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती हातात घेतली, वाचली, आणि पप्पांकडे बघत खुर्चीतून उठले. “गाडी आहे ना? नंदुरबारला न्या. आत्ता. काचा उघड्या ठेवा.” ह्यावर उतारा नसतो, नुसती मोकळी हवा द्यायची आणि लक्ष ठेवायचं, असं नंदुरबारच्या डॉक्टरीण बाईंनी सांगितलं. मुलगी तिथे नऊ दिवस होती. वाचली. पाचव्या दिवशी तिने पाव मागितला आणि सहाव्या दिवशी माझी ओढणी ओढली.

मी रोज जायचे, भाषेसाठी. डॉक्टरीण बाई मराठीत बोलायच्या, मी ते अहिराणीत सांगायचे, मुलीची आई ते पावरीत तिला सांगायची. एवढ्या भाषांतून जाऊन “पाणी पी” हे वाक्य त्या पोरीपर्यंत पोचायचं. एका दुपारी बाकावर बसलेलो असताना मी बाईला सगळं सांगितलं. गोळ्या, जाळी, वास. भिंतीत कोणी नव्हतं, हे सांगितलं. माझी अहिराणी दुकानातून कानावर पडलेली आहे, तिच्यात असल्या गोष्टींना शब्द नाहीत. मी अडखळत होते. ती ऐकत होती. रागावेल असं मला वाटलं होतं.

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, “मंग म्हातारीनी नही करं.”

“कोणती म्हातारी?”

तेव्हा मला कळलं. तिच्या मावसबहिणीने बाळ डोंगरात नेलं, पुरलं, आणि मग पाड्यावर विचारणं झालं: धडधाकट लेकरू खाली जाऊन तीन दिवसांत कसं गेलं? कुणाची तरी नजर पाहिजे. निघायच्या दिवशी नवऱ्याच्या चुलतीने बाळाच्या गालाला हात लावला होता. ती विधवा होती, एकटी होती. तिला डाकीण ठरवलं. मारहाण केली. तिचं घर पाड्याबाहेर टाकायला लावलं. चार वर्षं झाली, तिच्या हातचं पाणी कोणी पीत नाही.

“तिन्ही गालले हात लायना,” बाई म्हणाली. “बाकी काही नही.”

मी बाकाच्या कडेला नखाने खरवडत राहिले. चार वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी मी जिन्यात उभी होते, नाकात वास घेऊन, माझ्या गार्लिक ब्रेडची काळजी करत.

घरी पप्पांनी जाळी विटांनी बुजवली, खोलीला कुलूप लावलं. आता गोळ्या ठेवायला बाहेरून प्रशिक्षित माणूस येतो, तोंडाला मुखवटा लावून, आणि तेवढे दिवस आम्ही अंगणात पाऊल ठेवत नाही. मोलगीला जायचं मी काढलं तेव्हा ते म्हणाले, “बेटा, पोरगी वाचली ना? आता जुनं कशाला काढायचं?” बडी मम्मी त्या दिवसापासून त्यांच्याशी एकच वाक्य बोलली होती: “चार वर्षांपूर्वी पण?” ते ऐकून पप्पा दुकानात उतरले होते. मी निघाले त्या सकाळी ती दाराशी आली. तिने मला डबा दिला आणि म्हणाली, “माझ्याकडूनही सांग. मी दार लावायला सांगितलं होतं.”

मोलगीचा बाजार रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भरतो. जीपमधून उतरलं की पहिल्यांदा मिरचीचा ठसका लागतो, मग माणसांची गर्दी. बाई पुढे चालत होती, मुलगी तिच्या कडेवर. मावसबहीण तुरीच्या ढिगामागे बसली होती. मी तिला लगेच ओळखलं. तिने मला ओळखलं की नाही ते कळलं नाही, पण तिने नजर काढली नाही.

ह्या वेळी मी बोलले. बाई पावरीत सांगत गेली. मावसबहीण तुरीत बोटं फिरवत ऐकत होती. दोन गिऱ्हाइकं आली, तिने त्यांना मापून दिलं, आणि पुन्हा ऐकू लागली. सगळं झाल्यावर ती मला थेट अहिराणीत म्हणाली, “ती बाटली तवय तुन्हा घरमा व्हती?”

“हो.”

“तुले वाचता येत व्हतं?”

“हो,” मी म्हणाले.

तिने मान हलवली. जणू तिला एवढंच हवं होतं. मग हात लांब करून बाजाराच्या शेवटाकडे दाखवलं. “मले नको सांगू. तिले सांग. ती तठे बठेल शे.”

मी तिकडे पाहिलं. बाजार इतका दाटलेला होता की पाल पालाला टेकलं होतं, मांडीला मांडी लागत होती. पण अगदी टोकाला, पिंपरणीखाली, एक मोकळी जागा होती. माणसं तिथवर येत आणि न बघता वळून जात, पाण्यातला दगड चुकवावा तशी. त्या मोकळ्या जागेच्या मधोमध एक म्हातारी बसली होती. पुढ्यात फडक्यावर आमचूर, वाळलेला, तपकिरी. तिच्याकडे कोणी येत नव्हतं आणि ती कुणाला हाक मारत नव्हती.

मी वळून बाईकडे पाहिलं. ती जागची हलली नाही. मावसबहीणही नाही. माझ्यासाठी भाषा बदलून सांगणारं आता कोणी नव्हतं.

मोकळ्या जागेत पाय टाकला तेव्हा मागची बोलणी थांबल्यासारखी वाटली. मी तिच्या समोर खाली बसले. तिच्या एका भुवईवर जुना वण होता. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे कोणी उभं आहे का ते पाहिलं, आणि मग आमचुरात वाटी खुपसून ती माझ्यापुढे धरली. 

“कितलं देऊ?” तिने विचारलं.